बिनगळाचा घास

२०२४च्या जूनमध्ये मी न्यू जर्सीत मावसभावाकडे काही दिवस राहिले होते. त्याच्या शेजाऱ्याची एक बोट आहे, बावीस-तेवीस फुटांची. शेजारी निवृत्त प्लंबर. उन्हाळ्यात आठवड्यातले तीन दिवस तो पाण्यावर असतो आणि उरलेले चार दिवस पाण्याबद्दल बोलतो, असं भाऊ सांगतो. एका शनिवारी पहाटे त्याने आम्हाला बरोबर घेतलं. मी मासे खाते, आणि वीस वर्षं कोलकात्यात राहिल्यामुळे जरा जास्तच खाते. पण मासा पाण्यातून बाहेर येताना फारसा पाहिलेला नव्हता. "नुसतं बसायला चल," दादा म्हणाला. बोटीवर नुसतं बसायला कोण देतं? माझ्या हातात एक पळी आली आणि पायाशी एक बादली.

बादलीत शिंपल्यांचं मांस होतं. आपल्याकडच्या तिसऱ्या डोळ्यांपुढे आणू नयेत. हे तिथले सर्फ क्लॅम, एकेक शिंपला तळहाताएवढा किंवा त्याहून मोठा. न्यू जर्सीच्या किनाऱ्याबाहेर ते समुद्रतळाच्या वाळूत पुरून राहतात. बोटी जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने ती वाळू सैल करून त्यांना उपसून काढतात. घट्ट मांसाचं सूप होतं किंवा पट्ट्या कापून तळतात. पोटाचा मऊ भाग त्या धंद्याला नको असतो, तो मासेमारांच्या दुकानात येतो. याशिवाय एका पोत्यात अख्खे शिंपलेही होते, ते दादा एकमेकांवर आपटून फोडत होता आणि कवचासकट बादलीत टाकत होता. असा शिंपला तीस वर्षं जगू शकतो. कवचावरच्या रेषांवरून वय वाचता येतं, झाडाच्या खोडासारखं. एक हातात घेऊन मी रेषा मोजायला लागले आणि अकरावर सोडून दिलं.

या सगळ्या लगद्याला तिथे 'चम' म्हणतात. आम्ही अटलांटिक हायलंड्सच्या बंदरातून निघून उपसागराच्या तोंडाशी आलो. रोमर शोलचं दीपगृह एका बाजूला, सँडी हुकची वाळूची जीभ दुसऱ्या बाजूला, दूर धुरकट व्हेराझॅनो पूल. उथळ भागाच्या कडेला, जिथून तळ एकदम खाली उतरतो तिथे, शेजाऱ्याने नांगर टाकला. ओहोटी सुरू झाली होती. बोटीने प्रवाहाकडे तोंड केलं आणि तिच्या मागच्या बाजूने पाणी समुद्राकडे वाहू लागलं. गोठवलेल्या चमचा एक गोळा जाळीच्या वजनदार डब्यात घालून दोरीने तळाला सोडला. मधूनमधून दोरीला हिसका द्यायचा, म्हणजे डब्यातून थोडं थोडं सुटत राहतं. आणि वरून मी, पळी घेऊन.

पहिल्या पाच मिनिटांत मी पाऊण बादली रिकामी केली. "अगं, लग्नाची पंगत आहे का ही?" दादा ओरडला. "थांबून थांबून टाक. पोट भरलं की ते निघून जातील." मग शेजाऱ्याने समजावलं. वास सुटायला हवा, चव लागायला हवी, भूक मात्र मिटता कामा नये. आणि मध्ये खंड पडू द्यायचा नाही. चमची धार तुटली की मागे आलेले मासे तुटलेल्या टोकाशी थोडं घुटमळतात आणि जातात.

खरं कसब पुढे आहे. गळाला लावायचा तोसुद्धा शिंपलाच, त्याच बादलीतला. दोरीला वजन अगदी कमी किंवा मुळीच नाही. रिळातून दोरी हाताने सोडत राहायची, म्हणजे गळाचा तुकडा बाकीच्या तुकड्यांच्याच वेगाने, त्यांच्यातलाच एक होऊन वाहत जातो. तो मागे राहिला किंवा अडखळला, तर एवढी बादली फुकट. म्हणजे शेजाऱ्याचं सगळं कौशल्य एकाच गोष्टीत होतं : गळ असलेला घास गळ नसलेल्या घासासारखा वागला पाहिजे.

मासा हवा होता तो स्ट्राइप्ड बास. चंदेरी अंग, त्यावर शेपटीपर्यंत गेलेल्या सात-आठ काळ्या रेघा. तिथले लोक त्याला लाडाने 'स्ट्रायपर' म्हणतात आणि त्याच्याबद्दल बंगाली लोक इलिशबद्दल बोलतात त्या आवाजात बोलतात. मी विचारलं, एवढा मोठा मासा या मेलेल्या, फुटलेल्या शिंपल्यांच्या मागे का येतो? त्याला पळणारे ताजे मासे मिळत नाहीत का? शेजारी म्हणाला, मिळतात. पण समुद्रात जोराचं वादळ झालं की लाटा तळ ढवळतात, वाळूतले शिंपले उपटले जातात, आपटून फुटतात आणि किनाऱ्यापर्यंत त्यांचा खच पडतो. तेव्हा हे मासे उथळ पाण्यात येऊन आयतं जेवतात. मासेमार वादळानंतरच्या दिवसांची वाट बघतात ती त्यासाठी. चमचं काम तेच. "वादळ झालं होतं, असं त्यांना सांगायचं," तो म्हणाला.

हे वाक्य त्याने सहज टाकलं आणि तो दुसऱ्या काठीकडे वळला. माझी पळी मात्र हातातच राहिली.

आमिष म्हणजे फसवणूक हे आपण गृहीतच धरतो. प्लास्टिकचा मासा किंवा पिसांची माशी गळाला लावली तर ते उघड आहे, वस्तूच खोटी. पण मी जे पाण्यात टाकत होते त्यातलं काहीही खोटं नव्हतं. प्रत्येक तुकडा खराखुरा शिंपला, ताजा, खाण्याजोगा, फुकट. ज्या माशाने तो खाल्ला त्याला तो पचला असणार. दिवसभरात आम्ही दोन बादल्या आणि एक पोतं रिकामं केलं आणि मासे गळाला लागले पाच. म्हणजे त्या पाण्यातल्या बहुतेक सगळ्या माशांच्या वाट्याला नुसतं जेवण आलं. त्यांच्या बाजूने पाहिलं तर ते अन्नदान होतं. देणाऱ्याच्या मनात काय होतं याचा त्यांना काय फरक पडतो? खोटं होतं ते वादळ. सगळे शब्द खरे, आणि त्यांनी मिळून सांगितलेली गोष्ट खोटी.

द्रोणांना अश्वत्थामा मेल्याचं सांगितलं तो प्रसंग इथे कोणालाही आठवेल. वाक्य खरं असावं म्हणून भीमाने आधी त्या नावाचा हत्ती मारला. धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला, याची चर्चा आपण पिढ्यान्‌पिढ्या करतो. वाक्याच्या खरेपणासाठी मारलेल्या हत्तीबद्दल कोणी बोलत नाही. त्या दिवशी बोटीवरही माशाच्या दुःखाबद्दल दोनदा विषय निघाला, शिंपल्याबद्दल एकदाही नाही. मीही अकरा रेषा मोजून बाजूला ठेवलेल्या कवचाचा नंतर विचार केला नाही. ते बहुधा दादानेच बादलीत टाकलं.

बंगालीत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत. तळ्यात मासा जमावा म्हणून जे आधी टाकतात ते 'चार', आणि गळाला लावतात ते 'टोप'. चार तयार करणं ही तिकडे एक विद्याच आहे : मोहरीची पेंड, भाजलेली मेथी, एकांगी नावाचं सुगंधी मूळ आणि प्रत्येकाचं एकेक गुपित. आपल्या 'चारणे' या क्रियापदाचा तो कानाला तरी नातेवाईक वाटतो. मराठीत मात्र दोन्हींना मिळून 'आमिष'. तोही शब्द आपण जवळजवळ पोलीस ठाण्याला देऊन टाकला आहे. नोकरीचं आमिष, लग्नाचं आमिष. वर्तमानपत्र उघडलं की दिसतं. संस्कृतात तो मुळात मांस, भोग्य वस्तू, आणि देणगीसुद्धा. पालीत तर 'आमिसदान' हा सरळ चांगला शब्द आहे : वस्तूंचं दान. धम्मदान त्याहून श्रेष्ठ मानलं आहे, पण आमिसदानही दानच. आणि त्याच पालीत, संयुत्तनिकायातल्या एका सुत्तात, मान-लाभ-कीर्तीला गळाची उपमा दिली आहे. कोळी खोल डोहात गळ टाकतो, त्यावर आमिस असतं, आणि आमिसावर डोळा असलेला मासा तो गिळतो. एकच शब्द दानाच्या वाक्यातही आणि गळाच्या वाक्यातही. भाषांतर करणाऱ्याला इथे थांबावं लागतं, कारण मराठीत एका ठिकाणी 'दान' आणि दुसऱ्या ठिकाणी 'आमिष' लिहिलं की वाक्यं सुटसुटीत होतात आणि अडचण नाहीशी होते. ती अडचण नाहीशी व्हायला नको असं मला हल्ली वाटतं, आणि त्याला कारण आहे.

'चार' आणि 'टोप' या शब्दांतला फरक मला शब्दकोशाने नव्हे, एका बाईंनी शिकवला. दक्षिण कोलकात्यात दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. त्यांचे पती कादंबरीकार होते. त्यांच्या एका कादंबरीचा मराठी अनुवाद मला करायचा होता, आणि बाई हक्क द्यायला तयार नाहीत असं दोन-तीन जणांकडून ऐकलं होतं. म्हणून मी पहिल्या भेटीत तो विषय काढलाच नाही. दुसऱ्या भेटीतही नाही. मी दर गुरुवारी जायला लागले. त्यांची नजर अधू झाली होती, मी वर्तमानपत्र वाचून दाखवायची. हिवाळ्यात खजुराच्या नव्या गुळाचे संदेश न्यायची. त्या माझ्यासाठी केळफुलाची भाजी करून ठेवायच्या आणि माझे बंगाली उच्चार हसत दुरुस्त करायच्या. मी त्यांना मासीमा म्हणायला लागले. मला ते गुरुवार आवडायचे; हे मी आज स्वतःला वाचवायला लिहीत नाही, ते तसंच होतं. चौदा महिन्यांनी एका गुरुवारी मी पिशवीतून परवानगीचा कागद काढला आणि त्यांना गळ घातली.

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, खाली ठेवला आणि हसून म्हणाल्या, "एतोदिन चार फेलछिले, आज टोप फेलले." इतके दिवस चार टाकत होतीस, आज टोप टाकलास. मग पेन मागितलं आणि सही केली.

मी हसले. काय करणार? पण जिन्यात उतरताना कान तापले होते. मला म्हणायचं होतं की संदेश खरे होते, वाचलेलं वर्तमानपत्र खरं होतं, मी मनापासून येत होते. आज मला माहीत आहे की ते सगळं खरं असणं हाच तर चमचा गुणधर्म आहे. प्रत्येक गुरुवार खरा होता, आणि गुरुवारांनी मिळून जी गोष्ट सांगितली, की कोणीतरी केवळ तुमच्यासाठी येतं आहे, ती तितकी खरी नव्हती.

याच्या उलट बाजूने बोलायचं तर मासीमा मासा नव्हत्या. मला पाणी दिसायच्या आधी त्यांना गळ दिसला होता, कदाचित पहिल्याच गुरुवारी. त्यांनाही नवऱ्याचं पुस्तक दुसऱ्या भाषेत जायला हवं होतं. मग त्यांची केळफुलाची भाजी काय होती? आम्ही दोघी एकमेकींच्या पाण्यात चार टाकत बसलो होतो, असंही म्हणता येईल. या विचाराने मला बरीच वर्षं बरं वाटत आलं. प्लेटोच्या 'सोफिस्ट' या संवादात गळाने मासे धरणाऱ्याची व्याख्या आधी सरावासाठी करतात आणि मग तिच्या आधाराने सोफिस्टाला, म्हणजे शब्दांच्या व्यापाऱ्याला, पकडायला निघतात. तिथे माणसांच्या शिकारीचे प्रकार पाडताना वक्ता एक प्रकार सांगतो, भेटवस्तू घेऊन येणाऱ्या शिकाऱ्याचा. उदाहरण देतो ते प्रेमिकांचं. एम.ए.ला असताना ते वाचून आम्ही वर्गात हसलो होतो. प्लेटो तिथे भेटवस्तूला खोटी म्हणत नाही, हे आता लक्षात येतं. ती वर्गीकरणात एक साधन म्हणून येते, जाळ्याच्या आणि गळाच्या रांगेत.

बोटीवर पहिला मासा साडेआठच्या सुमारास लागला. रिळातून दोरी सर्रकन जायला लागली तशी मी सवयीने ओरडले, "ओढ!" शेजाऱ्याने हात वर केला. ओढायचं नाही. त्याला खाऊ दे. या माशासाठी गळाला आमिष लावायचं असेल तर २०२१पासून गोल वळलेला गळच वापरावा लागतो, तसा नियम आहे. हिसका दिला तर तो निसटतो. मासा घास घेऊन वळून निघाला की गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, पोटात उतरत नाही, आणि सोडलेला मासा जगण्याची शक्यता वाढते. तो नियम दयेचाच आहे. तरी "खाऊ दे" हे दोन शब्द ऐकून मला जे वाटलं ते वाटलंच. आमच्याकडे हे वाक्य आजी म्हणते.

मासा वर आला, टेपने मोजला. तेहतीस इंच. ठेवता येतो तो अठ्ठावीस ते एकतीस इंचांमधला, माणशी दिवसाला एक. त्यामुळे हा परत. शेजाऱ्याने ओल्या हातांनी त्याला पाण्यात धरलं, पुढे-मागे हलवलं आणि शेपटीने जोर धरल्यावर सोडलं. या माशाला नियमांची सवय जुनी आहे. १६३९मध्ये मॅसॅच्युसेट्स बेच्या वसाहतीने तो शेतात खत म्हणून पुरायला बंदी घातली होती, इतका तो तेव्हा मुबलक होता. १९७०च्या दशकाअखेर तो घसरला. १९८४मध्ये अमेरिकन काँग्रेसने त्याच्यासाठी वेगळा कायदा केला, मेरिलँडने १९८५ ते १९९० त्याची मासेमारीच बंद ठेवली, आणि १९९५मध्ये तो पूर्ववत झाल्याचं जाहीर झालं. आता पुन्हा कमी झाला आहे. वरची मर्यादा एकतीस इंचांवर आणली ती २०२३मध्ये. सोडलेल्या माशांपैकी शंभरातले नऊ मरतात असं हिशेबात धरतात. शेजाऱ्याला हा आकडा पाठ होता. "आज सोडलेल्यांपैकी एखादा त्या नऊंतला असेल," तो म्हणाला, आणि पुढचा शिंपला गळाला लावला. मी त्याला दांभिक म्हणणार नाही. आपण करतो त्याची किंमत एवढी नेमकी माहीत असलेली माणसं मी कमी पाहिली आहेत, आणि संध्याकाळी त्याच्या ताटातला मासा मीही खाल्ला.

पाचांपैकी एकच मापात बसला. साडेदहाला ओहोटी संपत आली, पाणी थबकलं. चम आता वाहून जाईना, बोटीखालीच बसायला लागला. "झालं," शेजारी म्हणाला. त्याने काठ्या आवरल्या, जाळीचा डबा वर ओढला.

तेव्हा मला मासीमांची बाकीची गोष्ट आठवली, जी मी सहसा सांगत नाही. पुस्तक आलं. चांगलं झालं, पुढे त्याची दुसरी आवृत्तीही निघाली. त्या वर्षात मी दर गुरुवारची पंधरा दिवसांवर आले, मग महिन्यावर. नवीन काम होतं, आईचं आजारपण होतं, ट्राम बंद होती. सगळी कारणं खरी. मग फक्त बिजयेला आणि पोइला बैशाखला. शेवटच्या बिजयेला त्यांनी विचारलं की वर्तमानपत्र आता कोण वाचतं माहीत आहे का. मी विचारलं, कोण? "कोणीच नाही," त्या म्हणाल्या, तक्रार नसलेल्या आवाजात, आणि मिठाईची बशी पुढे केली. त्यानंतर पाच महिन्यांनी गेल्या.

आधीचे चौदा महिने काय होते, चार की भेट, हे मी इतकी वर्षं त्या चौदा महिन्यांतच शोधत होते. माझ्या हेतूत, त्यांच्या हसण्यात, भाजीत. बोटीवर वाटलं, मी चुकीच्या जागी बघते आहे. सहीनंतरही गुरुवार तसेच चालू राहिले असते, तर त्यांचा तो विनोद नुसता विनोद राहिला असता, आणि मागचे संदेशही मागे जाऊन संदेशच झाले असते. ते ठरायचं बाकी होतं. मी येणं कमी केलं आणि ते ठरलं. मासा गळाला लागल्यावर चार टाकणं कोण चालू ठेवतं? असं केलं तर त्याला चार म्हणता येईल का?

नांगर वर आला होता. माझ्या बादलीत तळाशी बरंच उरलं होतं, दोन-तीन ओंजळी मांस, फुटकी कवचं, पाणी. मी दादाला विचारलं, याचं काय करायचं? घरी न्यायचं? "घरी? वहिनी मला घराबाहेर काढेल," तो म्हणाला. "टाक पाण्यात."

काठ्या आत होत्या, गळ डब्यात होते. मी बादली कलती केली. सगळं एकदम नाही टाकलं, सवयीने थोडं थोडंच टाकत राहिले. समुद्रपक्षी लगेच आले. शेजाऱ्याने इंजिन सुरू करून ठेवलं होतं आणि तो घड्याळ बघत होता. दादा म्हणाला, "अगं, आता ओत की सगळं, कोण मोजतंय?" खाली, हिरवट पाण्यात, वरून काही दिसत नव्हतं.